दोन कोअरवाले सोनटक्केकाका

सोनटक्केकाका कुठलीही वस्तू घेण्याआधी तिचे स्क्रू मोजतात. दुकानदार मिक्सरची गॅरंटी सांगत असतो आणि काकांनी मिक्सर उलटा केलेला असतो. स्क्रू स्टिकरखाली लपवलेला दिसला, की "चोराचा माल हाये!" म्हणून बाहेर. भाचीच्या लग्नात आहेरात आलेलं घड्याळ त्यांनी मांडवातच खोललं. भाची रडकुंडीला आली. ते घड्याळ आजही पाच मिनिटं पुढे चालतं.

बर्डीच्या भर बाजारात एका जिन्याखाली त्यांचं रिपेरिंगचं दुकान आहे. मी तिथे पहिल्यांदा गेले ती जळलेला पंप घेऊन. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दोन कूलर आहेत. मे महिन्यात त्यांच्याशिवाय तिथे पुस्तक उघडणं अशक्य. पण टाकीतलं पाणी संपलं, की पंप कोरडा चालून जळायचा.

"पंप काहून बदलवतं वं पोरी? त्याले अक्कल दे," काका म्हणाले आणि खणातून नखाएवढी चिप काढली. "हिच्यात दोन कोअर हायेत. म्हंजे दोन डोकी. आन् भाषा खुली."

मग व्याख्यान. प्रत्येक चिपला ठरावीक आज्ञाच कळतात: हे उचल, ते ठेव, बेरीज कर. हीच तिची भाषा. बहुतेक चिपांच्या आज्ञांचा संच कुणाच्या तरी मालकीचा असतो. त्यावर स्वतःची चिप बनवायची, तर आधी मालकाची परवानगी. खुला संच मात्र कुणीही वापरावा.

"बाराखडीवर कोनाचा सातबारा हाये का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी पत्रकांवर वाढलेली पोरगी. बाबा मोर्च्यांची पत्रकं लिहायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. विद्या कुलपात ठेवणाऱ्यांशी आमच्या घराचं भांडण जुनं. मी उभी राहून म्हणाले, "म्हणजे काका, चिपही जनतेची!"

"बस खाली. भाषा खुली हाये. चिपवाल्यानं आतली रचना झाकून ठेवली, तर ते घर बंदच. अर्धी लढाई झाली हाये, अर्धीच सांग."

काकांनी पहिल्या कूलरला ती चिप बसवली. टाकी रिकामी झाली की पंप आपोआप बंद. दुसऱ्या कूलरचं काम व्हायचं होतं. मीही हट्टानं त्यांच्याकडे शिकू लागले. पुढे पोरींच्या परीक्षेला आठवडा उरला असताना एकदा अभ्यासिकेत बसून मी त्यांचा प्रोग्राम वाचला आणि संतापले. पहिली कोअर पाणी बघते, पंप चालवते, सगळं राबणं तिचं. दुसरी फक्त सेकंदासेकंदाला विचारते, "हाये का?" पहिली उत्तर देते, "हाव, हाये."

ही तर मुकादमशाही! एकीनं घाम गाळायचा, दुसरीनं हजेरी घ्यायची? मी काकांना न विचारता ते हजेरीचं प्रकरण पुसून टाकलं आणि दुसऱ्या कोअरला दुसऱ्या कूलरच्या पंपाला जुंपलं. आता दोघी कष्टकरी. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

चौथ्या दुपारी पहिली कोअर मध्येच अडकून पडली. पंप चालूच राहिला, पाणी संपलं, जळका वास सुटला. उरलेला एक कूलर पुरेना; तापलेल्या खोलीत पोरी नोट्सनी वारा घेत होत्या. परीक्षा रविवारी, आणि त्यांच्यासमोर मी, क्रांती करून बसलेली.

पाच वाजता काका डोक्याला दुपट्टा गुंडाळून सायकलवर आले. पंप बदलला, प्रोग्राम उघडला आणि ओळ न् ओळ वाचली.

"मुकादम होता तो, काका," मी पुटपुटले.

"मुकादम नोहे वं. सोबती होता. काम करता करता कोनीबी अटकते. उत्तर नाही आलं, तर त्याले हलवून उठवाचं, एवढंच त्याचं काम. तू राबनारे दोन ठेवले, इचारनारं कोनीच नाही ठेवलं."

त्यांनी पुसलेल्या ओळी परत लिहिल्या. दुसऱ्या कूलरला त्यांनी खिशातून वेगळी चिप काढून बसवली. दोन्ही कूलर सुरू होईपर्यंत सात वाजत आले. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. काकांनी तो कानालाही लावला नाही. बटण दाबत हळूच म्हणाले, "हाव, हाये," आणि फोन खिशात.

"कुणाचा होता?"

"कोनाचा नाही. अलार्म हाये, सात वाजताचा." ते स्क्रूचा पेचकस पुसू लागले. "तुही काकू रोज सात वाजता दुकानात फोन करे. 'हाये का?' बस, एवढंच इचारे आन् ठेवून दे. मी चिडो. म्हनो, कुठं जातो मी? ती गेल्यावर मंग सात वाजले का करमेच ना."

पेचकस केव्हाच स्वच्छ झाला होता. ते पुसतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सातला एक मिनिट कमी असताना मी फोन लावला.

"कोन?"

"हाये का, काका?"

पलीकडे बर्डीचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते.

"हाव," काका म्हणाले, "हाये."