सासूबाईंचा कर्सर

माउसचा कर्सर लहान-मोठा करण्यात काय एवढं? अहो, मी मोटारींच्या ब्रेकचा इंजिनिअर! जर्मनीत नेकारसुल्मच्या आमच्या कारखान्यात माझ्या शब्दावर गाड्या थांबतात. त्यामुळे रविवारी सासूबाईंनी, "पुष्करराव, हा बाण मधेच नाहीसा होतो बघा," अशी हाक मारली तेव्हा मी हातातला चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही.

लॅपटॉप ऑफिसचा, टचस्क्रीनवाला होता. तो घरच्यांच्या हातात द्यायचा नाही, असा आमच्याकडे कडक नियम आहे. पण सासूबाई पुण्याहून पहिल्यांदाच आलेल्या, आणि मराठी पेपर वाचल्याशिवाय त्यांची सकाळ होत नाही. जावयाने नियम सांगायचे कुणाला?

मी टचपॅडवर बोट फिरवलं. डोळे बारीक करून पाहिलं तेव्हा कोपऱ्यात मुंगीएवढं काहीतरी हललं.

"आई, फार बारीक आहे हो हा! दिसणार कसा?"

सेटिंगमध्ये जाऊन मी तो मोठा केला. मग आणखी मोठा. शेवटी समोशाएवढा काळाकुट्ट बाण स्क्रीनवर येऊन बसला.

"अगंबाई, केवढा हा! पण पुष्करराव..." असं म्हणत सासूबाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं, आणि बाण गायब!

मला काही कळेना. बोटानेच सेटिंगची पट्टी मागे सरकवली, पुढे सरकवली. बाण नाहीच! म्हणजे पुन्हा मुंगी झाला असणार, असं ठरवून मी लॅपटॉप मिटला.

"झालं!" मी म्हणालो. काय झालं ते मलाही माहीत नव्हतं.

सोमवारी मीटिंग होती. नव्या गाडीची गुरुवारची टेस्ट ड्राइव्ह कोण करणार, हे तिथे ठरणार होतं. वर्षभर मी याच दिवसाची वाट पाहत होतो, आणि नाव माझंच येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऐटीत मी लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला, माउस हलवला, आणि माझ्या ब्रेकच्या आलेखावर समोसा अवतरला. पडद्यावर तर तो हत्तीला पुरला असता!

घाईघाईने मी स्क्रीनला बोट लावलं. गायब! हुश्श. माउस हलवला. हजर! बोट लावलं, गायब. माउस, हजर! नक्की कोण कोणाला खेळवतंय, तेच समजेना.

"आल्झो... तर मग, पुष्कर," आमच्या बॉस फ्राऊ क्रेमर अतिशय हळुवारपणे म्हणाल्या, "हा बाण... तुझ्यासाठी एवढा मोठा केलायस?"

आता काय सांगू? सासूबाईंचं नाव घेतलं तर लॅपटॉप कुणाच्या हातात होता, ते उघड!

"या," मी जर्मनमध्ये होकार दिला. "माझ्याचसाठी."

माझ्या सहकाऱ्याने, युर्गेनने, उठून खिडकीचे पडदे लावले, माझ्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून. दुसऱ्या कुणीतरी माझी खुर्ची पुढे सरकवली. मी तीत बसलेलो असताना!

"आणि टेस्ट ड्राइव्ह?" मी विचारलं.

"आधी कंपनीच्या डॉक्टरांकडे डोळे तपासून घे. काळजी करू नकोस. बसून करण्यासारखी कामं आपल्याकडे खूप आहेत."

गाडीसुद्धा बसूनच चालवतात, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तरी मी छाती काढून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. माझे डोळे म्हणजे घारीचे! तक्त्यावरच्या वरच्या ओळी खणखणीत आवाजात वाचल्या. मग जरा अडखळलो. मग थांबलो.

"खालची ओळ छापायची राहिली आहे का?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "ती छापलेली आहे."

चष्मा तयार व्हायला पंधरवडा लागणार होता. टेस्ट ड्राइव्ह युर्गेनला मिळाली. मला रडूच यायचं बाकी होतं!

घरी पोचताच मी सगळा राग काढला. "आई, तुमच्या त्या बारीक बाणापायी माझी टेस्ट ड्राइव्ह गेली!"

सासूबाई गोंधळल्या.

"बारीक कुठे होता? मला चांगला दिसायचा हो. स्क्रीनला बोट लावलं की जातो कुठे, एवढंच विचारायचं होतं मला. तुम्हाला दिसेना म्हणून तुम्हीच मोठा केलात!"

बायको स्वयंपाकघरात जाऊन हसली. ऐकू येईल एवढ्या मोठ्याने!

चष्म्याची फ्रेम शेवटी सासूबाईंनीच पसंत केली. दुकानातल्या आरशात ती मला नीट दिसली नव्हती, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.