भरमाण्णांचं वजन

माझ्या मुलीच्या लग्नाला भरमाण्णांनी दहापैकी पावणेनऊ गुण दिले. मांडवाच्या खांबाला टेकून ते चिठोऱ्यावर काहीतरी लिहीत होते. बँड बेसूर, म्हणून चार. जेवण उशिरा, म्हणून आठ.

"मग पावणेनऊ कसे झाले, अण्णा?"

"बँडचं वजन एक, जेवणाचं दोन. पोरगी हासत हुती का न्हाई? तिला दहा. आनि तिचं वजन पाच. करा बघू हिशेब."

मी घरी जाऊन केला. बरोबर होता.

रामनगरच्या आमच्या शेतकरी सोसायटीत मी मॅनेजर आणि भरमाण्णा रजिस्टर क्लार्क. माणूस साठीला आलेला, एकटा. नव्वद साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा सोसायटीत कॉम्प्युटर आला आणि अण्णांना बेळगावला दहा दिवसांच्या कोर्सला पाठवलं. तिथल्या मास्तरांनी मशीन सांभाळायचे बारा नियम फळ्यावर लिहून दिले. अण्णांनी हात वर केला: "सर, ह्यात आधी कुठला?" मास्तर म्हणाले, सगळेच महत्त्वाचे. अण्णांना ते पटलं नाही. "वाघ दारात आला आनि उंदीर कणगीत शिरला, तर दोन्हीकडं सारकंच बघायचं व्हय?"

परत आल्यावर त्यांनी प्रत्येक नियमाला वजन दिलं. मशीनवर झाकण घालणे, वजन एक. चपला बाहेर काढणे, एक. बाहेरून आलेल्या फ्लॉपीत किडा, म्हणजे व्हायरस, आहे का ते तपासणे, चार. पासवर्ड गुप्त ठेवणे, पाच. दर शनिवारी तीन-तीन नियम घेऊन ऑफिसला गुण मिळायचे. एका आठवड्यात झाकणाला दहा, चपलांना दहा आणि मी घाईत एक फ्लॉपी न तपासता घातली म्हणून तपासणीला एक. मी तिन्हींची सरासरी काढून सात म्हटलं. अण्णांनी गुणिले-भागिले करून चार काढले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अक्का, साधी सरासरी लबाड असतीया. हलक्या कामाचे गुण जड कामाच्या अंगावर पांघरतीया."

मला याद्या करायची सवय आहे. वाणसामानापासून वार्षिक सभेपर्यंत सगळं मी लिहून काढते. पण माझ्या यादीत हे कधी सुचलं नव्हतं.

तक्ता त्यांनी दाराशेजारी भिंतीवर लावला, आणि तिथे घोटाळा झाला. आमच्याकडे कागद पुढे सरकायला त्यावर "वजन" ठेवावं लागतं, हे लहान पोरालाही ठाऊक. अणशी गावचे एक शेतकरी सभासदांच्या यादीतलं आपलं नाव दुरुस्त करायला आले होते. त्यांनी तक्ता वाचला, परत गेले आणि दुसऱ्या दिवशी एक पिशवी टेबलावर ठेवली. आत कंद होते.

"हे काय ओ?" अण्णा.

"पाच किलो. बोर्डावर लिवलंय तेवडं. मोजूनच आणलंय, मालक."

अण्णा लालबुंद झाले. नाव तिथल्या तिथे दुरुस्त करून दिलं, पिशवी त्यांच्या खांद्यावर परत चढवली, आणि तक्त्याखाली मराठीत नि कानडीत लिहिलं: हे वजन गणितातलं आहे.

माझं मात्र एका गोष्टीवरून त्यांच्याशी जुंपायचं. पासवर्ड फक्त त्यांनाच ठाऊक. चारशे सभासदांची यादी त्या मशीनमध्ये, आणि चावी एका माणसाच्या डोक्यात.

"अण्णा, उद्या तुम्हाला काही झालं तर?"

"मला काय धाड भरलीया?"

"मला तरी सांगून ठेवा."

"पारख झाल्याबिगर न्हाई. दहातले दहा गुण हाईत त्याला, घालवू काय?"

वर्षभर हेच चाललं. मग वार्षिक सभेच्या आदल्या दिवशी भरमाण्णा आलेच नाहीत. यादी छापायची होती. दुसऱ्या दिवशी गुंद-अणशीकडून माणसं येणार, यादीत नाव नसेल तर मत नाही. अकरा वाजता मी त्यांच्या खोलीवर गेले.

दार नुसतं लोटलेलं होतं. अण्णा तापाने फणफणलेले, घोंगडीत. दोन दिवस पोटात काही नव्हतं. मी चूल पेटवून पेज ठेवली आणि ती शिजेपर्यंत भिंतीकडे लक्ष गेलं. तिथेही तक्ता होता. कडी लावणे, वजन दोन, गुण दहा. चूल विझवणे, दोन, दहा. घागर झाकणे, एक, दहा. त्याखाली:

आपण सकाळी उठलो न्हाई तर कळणारं माणूस. वजन पाच. गुण शून्य.

साध्या सरासरीने साडेसात झाले असते. अण्णांनी तळाशी पाच लिहिले होते.

पेज पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "पासवर्ड घ्या लिवून. मीटिंग हाय उद्या." मी लिहून घेतला. तो काय होता ते सांगत नाही; त्याचं वजन पाच आहे.

मग त्यांनी उशाखालची पेन्सिल काढली. मला तक्ता भिंतीवरून काढून द्यायला लावलं, शून्य खोडलं आणि त्या जागी दोन लिहिलं.

"दोनच?" मी म्हटलं. "पेज केली की, अण्णा."

"पेजचे दोन. बाकीचं तुमी पासवर्डासाटी आलासा." ते रागावले नव्हते. हिशेब सांगत होते. "आनि एकदा येण्याला सरासरी म्हनत न्हाईत, अक्का."

सभा पार पडली. यादी वेळेवर छापून झाली, कुणाचं नाव सुटलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी साडेसातला मी त्यांचं दार वाजवलं.

"कोन?"

"मी."

"काय काम काडलासा?"

"काम न्हाई," मी म्हटलं. "नुसतीच आलेय."

मग कडी निघाली.