आपण शनिवारी निघतोय

मी पंपांच्या कारखान्यात पाळ्यांचं वेळापत्रक लावतो. तीनशे माणसं, तीन पाळ्या, आणि आजवर एकही माणूस चुकीच्या मशीनसमोर उभा राहिलेला नाही. तेव्हा दोन माणसांची दोन दिवसांची सहल आखणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी बायकोला म्हणालो. ती काहीच बोलली नाही. ती काही बोलली नाही की मी ते कौतुकच समजतो.

तिची अट एकच होती. "दोघंच जायचं. दरवेळी तुमची नाहीतर माझी माणसं असतात, आणि मी सहलीला जाऊन डबे भरत बसते. बारा वर्षं झाली. या वेळी तिसरं माणूस दिसलं तर मी आहे तिथून परत फिरेन!"

म्हणताना तिचे डोळे भरून आले होते. मला मनापासून वाईट वाटलं, आणि मी कामाला लागलो.

शहर जुन्या बंदराचं निवडलं. वेळापत्रक पाच पानांचं झालं. नऊ दहाला किल्ल्याचा दरवाजा, दहा चाळीसला गोदामांची गल्ली, साडेअकराला मासळीबाजार, मग भाजलेली कोळंबी, पंचवीस मिनिटं, हात धुण्यासह! सूर्यास्ताला दीपस्तंभ, आणि त्याच्यापुढे लिहिलं, 'गप्पा : पस्तीस मिनिटं'. प्रेमालाही वेळ राखून ठेवणारा नवरा किती जणींना मिळतो, सांगा!

बुधवारी रजा मंजूर झाली. आनंदाच्या भरात मी बायकोला मेसेज पाठवला. 'आपण शनिवारी सकाळी निघतोय! दोन दिवस. किल्ला, दीपस्तंभ आणि पोट फुटेस्तोवर मासे! कपडे भरून ठेवायचे, बाकी सगळं मी बघतो.' आणि मीटिंगमध्ये जाऊन बसलो.

मीटिंगमधून बाहेर आलो तर एकतीस उत्तरं! बायको इतकी खूश होईल असं वाटलं नव्हतं. नव्हतीच झाली. मेसेज गेला होता तिच्या माहेरच्या ग्रुपवर. तिथे तेवीस माणसं आहेत आणि प्रत्येकाने 'आपण'मध्ये स्वतःला मोजलं होतं. मामेसासूबाईंनी माळ्यावरून बॅग उतरवली होती. साडूने तर मिनीबसच ठरवून टाकली होती! या माणसाला स्वतःच्या घरातला बल्ब बदलायला दोन महिने लागतात.

बायकोचा फोन आला. "अहो, हे काय केलंत?"

"एका मिनिटात निस्तरतो!"

"नको! तुम्ही काही निस्तरू नका!"

पण तोवर मी निस्तरलं होतं. 'चूक झाली. आम्ही दोघंच जातोय.'

मग सासरेबुवांचा फोन आला. ते चौतीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवून निवृत्त झालेत. निवृत्त फक्त शाळेतून झालेत.

"जावईबापू, 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत येतो. 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर राहतो. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे तुम्ही आम्हाला आधी घरात घेतलंत आणि मग दार लावून घेतलंत. तिकडे मामी बॅगेवर बसून रडतायत."

आता मामेसासूबाई रडतायत म्हटल्यावर मी काय करणार होतो? मी खोटं बोललो. "तसं नाही हो! साहेबांनी माझी रजाच नाकारली. आता कुणीच जात नाही. सहल रद्द!" माझी मीच पाठ थोपटली. दोन आठवड्यांनी सगळं थंड झालं की आम्ही दोघं गुपचूप निघणार होतो.

"रजा नाकारली? त्या बंड्याने?"

"बंड्या?"

"तुमचा साहेब. माझ्या वर्गात होता. चार वेळा अंगठे धरून उभा केलाय त्याला. थांबा जरा!"

मी "अहो, नको" म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

पंधरा मिनिटांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ते खुर्चीत ताठ बसले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"मी तुमची रजा नाकारली?"

"नाही, साहेब."

"सकाळीच सही केली ना मी? सरांनी आत्ता मला अकरा मिनिटं झापलं. मी दिलगिरी व्यक्त केली! न केलेल्या गोष्टीची! सरांपुढे मला आजही तोंड उघडता येत नाही. त्यांच्यासमोर खोटं पाडलंत मला?"

"साहेब, त्याचं असं झालं की..."

"नाकारली!" ते म्हणाले. "आता खरं बोलल्याचं समाधान तरी मिळेल तुम्हाला."

घरी आलो तर बायको बॅग भरत होती.

"अगं, माझी रजा खरंच गेली."

"तुमची गेली. माझी नाही." तिने चेन ओढली. "बाबांनी ग्रुपवर सहल पक्की करून टाकलीय, बस दारात येणार आहे. मामींना मी काय सांगू, माझा नवरा खोटारडा आहे म्हणून? आणि ते वेळापत्रक द्या."

शनिवारी सकाळी बस गेली. खिडकीतून बायकोने माझ्याकडे बघितलं, हात मात्र हलवला नाही. मला फार लागलं ते. मी दिवसभर ऑफिसात बसून पाच पानांची झेरॉक्स वाचत होतो. किल्ला झाला असेल. कोळंबी संपली असेल. सूर्यास्तही झाला, आणि रात्री जेवणाच्या वेळी तिचा फोन आला.

"जेवलात का?" तिने हळूच विचारलं.

"हो. कसं झालं सगळं?"

"छान झालं. मासे मस्त होते. पण ऐका ना, दीपस्तंभावर मी चढलेच नाही. सगळ्यांना वर पाठवलं आणि पायरीवर बसून राहिले. तो मला तुमच्याबरोबर बघायचाय. आपण दोघंच येऊ. याल ना?"

बारा वर्षांत मी इतक्या प्रेमाने कधी बोललो नव्हतो. "येईन गं! पुढच्याच महिन्यात! मला फक्त तू हवी आहेस, बाकी कुणी नको!"

पलीकडे कुणीतरी खाकरलं. मग टाळ्या सुरू झाल्या. "अगं बाई!" बायको किंचाळली. "माझे हात माखले होते म्हणून भावोजींनी फोन टेबलावर ठेवून दिला होता! स्पीकर लावून! मला वाटलं सगळे हात धुवायला गेलेत!"

टाळ्या थांबल्यावर सासरेबुवांचा खणखणीत आवाज आला. "पुढच्या महिन्यात कुणाला काही अडचण आहे का?"

कुणालाच नव्हती.