बॉनेटवरचं टेंगूळ

"माझ्या नावातच हेर आहे, काका. हेरंब! बारशालाच माझं करिअर ठरलं. नजर घारीची, स्मरणशक्ती हत्तीची आणि गुप्तता अशी, की दिल्लीतल्या एकाही गुन्हेगाराला माझा पत्ता अजून माहीत नाही."

गिऱ्हाइकांनाही माहीत नाही, असं प्रतीक मनातल्या मनात म्हणाला. दोघं मुनिरक्यात एका खोलीत राहून यूपीएससीचा अभ्यास करत होते. पूर्वपरीक्षेत तिसऱ्यांदा आपटल्यावर हेरंबने फावल्या वेळात गुप्तहेरगिरी काढली आणि प्रतीकला सहायक नेमलं. पगार नव्हता, पिशवी धरायची जबाबदारी मात्र होती. आज कालकाजीला मेट्रो बदलून फरीदाबादपर्यंत तो आला, कारण सरलाकाकू फोनवर पुरणपोळी असं काहीतरी बोलल्या होत्या.

गिऱ्हाईक म्हणजे काकूंचे यजमान पद्माकरकाका. गणपतीतल्या मंडळाची ओळख. केंद्र सरकारात छत्तीस वर्षं फायली सरकवून निवृत्त झालेल्या या माणसाने वडिलांची काळी जुनी फियाट स्वतःच्या हाताने नीट करायला घेतली होती. पत्रा ठोकायचं ज्ञान सगळं मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आलेलं. हातोडी एका हातात, आतून टेकवायचा लोखंडी ठोकळा दुसऱ्या हातात आणि कानात कापूस.

"रोज संध्याकाळी बॉनेट ठोकून सपाट करतो," काका म्हणाले, "रात्रभर सपाट राहतं. सकाळी सपाट. आणि दुपारी एकच्या सुमारास मधोमध हे एवढं टेंगूळ! रोज! परवा रविवारी गिन्नीची विदाई आहे रे."

गिन्नी ही शेजारच्या भाटियांची मुलगी. लहानपणी याच बंद गाडीत बसून, स्टिअरिंग फिरवत ती रोज 'शिमल्याला' जायची. तुझी विदाई ह्याच गाडीतून करीन, असा शब्द काकांनी तेव्हा दिला होता. पोरीने तो वीस वर्षं लक्षात ठेवला होता.

"शत्रू?" हेरंबने वही उघडली.

काकांचा आवाज खाली आला. "ठोकाठोकीने झोपमोड होते म्हणून भाटियाच मागे एकदा ओरडला होता. मीच हातोडा घेऊन येतो, म्हणाला होता. पण तीस वर्षांचा शेजार आहे, यार. त्याने असं करावं?"

हेरंबने बॉनेटवर भिंग धरलं. "पांढरी पावडर!" तो कुजबुजला, आणि बोट चाटून जरा हिरमुसला. "कणीक आहे. प्रतीक, लिही. पर्याय अ, माकड. पर्याय ब, भाटियांनी लग्नासाठी बसवलेला हलवाई. पर्याय क, खुद्द भाटिया. पर्याय ड, वरीलपैकी कोणीही नाही."

"ड का खोडतोयस?"

"ड कधीच बरोबर नसतो. चार वर्षांचा अनुभव आहे माझा."

त्याच अनुभवावर तो तीनदा नापास झाला होता, पण प्रतीकने ते बोलून दाखवलं नाही. स्वयंपाकघरातून वेलचीचा वास येत होता आणि त्याला भांडण नको होतं.

माकड पाच मिनिटांत निर्दोष सुटलं, कारण माकडाच्या हाती कणीक लागली तर ते ती खाईल. हलवाई दुपारी बारा ते तीन घोरत असतो, हे मांडवात चौकशी केल्यावर कळलं. उरले भाटिया. तिघं खिडकीच्या पडद्यामागे दबा धरून बसले. बाहेर एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं आणि काळं बॉनेट तव्यासारखं तापलं होतं.

एक वाजता फाटक वाजलं. भाटिया हातात मिठाईचा डबा घेऊन आले, गाडीशी थबकले, कौतुकाने बॉनेटकडे वाकले.

टण्!

"रंगेहाथ!" हेरंब खिडकीतूनच बाहेर उडी मारायला गेला आणि पडद्यात गुरफटून कुंडीवर आपटला. काका हातोडीसकट दारातून धावले. बॉनेटवर टेंगूळ आलं होतं.

"भाटियाजी, आप?"

"मैंने तो हाथ भी नहीं लगाया, पद्माकरजी!"

"गाडी नहीं मिलेगी!" काका ओरडले. "विदाई के लिए दूसरी ढूँढ लीजिए!"

भाटियांचा चेहरा उतरला. डबा कठड्यावर ठेवून ते निघाले. प्रतीकला फार वाईट वाटलं. त्यांची पाठ बघताना त्याची भूकसुद्धा मेली.

तेवढ्यात कणकेने माखलेल्या हातांनी काकू बाहेर आल्या. त्यांनी अंगठ्याने टेंगूळ दाबलं. टुक्, आत गेलं. अंगठा काढला. टण्, वर आलं.

"अहो, परवापासून रोज दाबून बघून सांगतेय, पण तुमच्या कानात कापूस! मधेच लाटून लाटून पातळ केलंत. कडा जाड आणि मधे पातळ, अशी पोळी तव्यावर टाकली की मधेच फुगणार ना? ऊन लागलं की फुगतं, गार झालं की बसतं. तुम्ही संध्याकाळी पुन्हा ठोकता, म्हणजे आणखी पातळ करता."

काकांनी हातातली हातोडी खाली टाकली. मग अनवाणीच, तापल्या फरशीवरून पाय उचलत ते शेजारी धावले. फाटकाशीच त्यांनी भाटियांचे दोन्ही हात धरले. "गलती मेरी है. कोणी काही केलं नाही, मीच—" घाबरल्यावर काकांचं हिंदी संपायचं.

"समझ गया, यार," भाटिया म्हणाले. मराठीतलं त्यांना एवढं समजत होतं.

"ड," प्रतीक हळूच म्हणाला. हेरंब कोपराला चिकटलेली माती झटकत राहिला.

ताणलेला पत्रा आकसवायचा तर तो तापवून त्यावर पटकन ओलं फडकं मारायचं, हे सांगणारा व्हिडिओ शेवटी मिळाला. शनिवारी दिवसभर काकांनी गॅसच्या बत्तीने पत्रा तापवला आणि फडकं मारलं भाटियांनी. रविवारी सकाळी बॉनेट आरशासारखं सपाट होतं.

विदाईच्या वेळी मात्र भाटियांना राहवलं नाही. लेकीचा हात सुटताच ते हुंदके देत बॉनेटवर कोसळले. मनगटातलं जाड कडं पत्र्यावर आदळलं, आणि वाटीएवढा खळगा पडला.

"पर्याय क," हेरंब प्रतीकच्या कानात म्हणाला. "मी काय सांगत होतो?"

काकांनी खळग्यावरून हात फिरवला. मग तोच हात भाटियांच्या पाठीवर ठेवला. "रहने दो, भाटियाजी."

काका गाडीत बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली. नवरदेवाला मागे बसवून गिन्नी पुढच्या सीटवर येऊन बसली होती. डोळे पुसत ती म्हणाली, "अंकल, शिमला चलो."

तो खळगा काकांनी अजून ठोकून काढलेला नाही.