गावंडे सरांचा दहा मार्कांचा पेपर

माझे सासरे नव्या माणसाला नाव, गाव, आडनाव काही विचारत नाहीत. क्रियापद विचारतात. मागच्या महिन्यात गॅसवाला सिलिंडर घेऊन दारात आला, तर सरांनी त्याला वाट देण्याआधी विचारलं, "'अव्हॉइड'च्या मागून काय येते? आयएनजी का टू?" त्या बिचाऱ्यानं खांद्यावरचं सिलिंडर सावरत सांगितलं, "मागून पावती येते, काका."

सर म्हणजे गावंडे सर. अमरावतीच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, पण त्यांना बाबा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तोंडातून सरच निघतं, आणि तेही उभं राहून.

सरांना अख्ख्या इंग्रजी भाषेत एकाच गोष्टीचा ध्यास. एका क्रियापदामागून दुसरं क्रियापद आलं, तर ते कोणत्या रूपात येतं? 'एन्जॉय'मागून 'स्विमिंग' येतं, 'टू स्विम' चालत नाही. 'डिसाइड'मागून 'टू गो' येतं, 'गोइंग' चालत नाही. का, याला उत्तर नाही, पाठच करावं लागतं. सर शिंप्याकडून दोन खिशांचे शर्ट शिवून घेतात. डाव्या खिशात आयएनजीवाल्या क्रियापदांच्या चिठ्ठ्या, उजव्या खिशात टूवाल्यांच्या. डॉक्टरनं छातीला नळी लावायची म्हटली की आधी डावा खिसा रिकामा करावा लागतो.

माणसंही त्यांनी या दोन खिशांत वाटून टाकलेली आहेत. "आयएनजीवाला माणूस करत राहते. टूवाला करणार असते. होप टू, प्रॉमिस टू, प्लॅन टू. साऱ्या जन्माचं टू." नळ दुरुस्त करणारा टूवाला. समोरची दूधवाली बाई आयएनजी. मी एकदा हिंमत करून म्हटलं, "सर, टाळणं आणि पुढं ढकलणं हीसुद्धा तुमच्या आयएनजीतच आहेत की." सर शांतपणे म्हणाले, "टाळणारा माणूस रोज टाळते, मन लावून टाळते. त्याच्यात सातत्य आहे, मंगेशराव." मी कोणत्या खिशातला, हे विचारायचं धाडस मी कधी केलं नाही.

आता हे सगळं हसून सांगतो आहे, पण तेव्हा हसू येत नव्हतं. कारण त्यांची मुलगी वैशाली हिला पाहायला येणाऱ्या प्रत्येक मुलाचा सर दहा मार्कांचा पेपर घेत. दहा वाक्यं, दहा रिकाम्या जागा, दहा मिनिटं. एक चुकलं तरी नापास. पोहे खाऊन सहा मुलं परत गेली होती. वरुडचा संत्रा बागायतदार गेला, अचलपूरचा प्राध्यापक गेला, पुण्यात कंप्युटरवर काम करणारा आणि सहा महिने अमेरिकेत राहून आलेला मुलगाही गेला. तो तर जाताना चप्पल घालायची विसरला म्हणतात. सगळ्या जिल्ह्यात सरांना येडा मास्तर म्हणत.

मी अकोल्याचा. पाणीपुरवठ्यात कनिष्ठ अभियंता. इंग्रजी म्हणजे टेंडर आणि व्हॉल्व्ह. पण वैशालीला मी एका लग्नात पाहिलं होतं, आणि मला तीच मुलगी करायची होती. हे मी बार्शीटाकळीच्या काकांना सांगितलं. काका तुरीचे शेतकरी, पण माणूस जिद्दी. ते म्हणाले, "पोरीले पाह्यले जाचं का परीक्षेले, ते एकदा सांग. मंग तयारी तशी करू."

दोन महिने आम्ही तयारी केली. मी मराठी अक्षरांत यादी लिहून दिली आणि काका शेताच्या धुऱ्यावर बसून फोनवरून माझं पाठांतर घ्यायचे. मी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर. "रिफ्यूज." "टू." "फिनिश." "आयएनजी." "मॅनेज." मी अडखळलो की काका म्हणायचे, "लेका, बायको पाह्यजे का नाही तुले?"

कार्यक्रमाच्या दिवशी बसमध्ये आम्ही मूर्तिजापूरपर्यंत पाठांतर केलं, पुढे काकांनाच झोप लागली. मला बडनेऱ्यानंतर काहीच आठवेना. सरांच्या घरी पोहे झाले. मग आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. वाळत घातलेल्या कुरडयांजवळ उभी राहून वैशालीनं एकच प्रश्न विचारला, "इंग्रजी येतं का तुम्हाला?"

खोटं बोलायचं ठरवून आलो होतो. पण ती इतकी सरळ पाहत होती की म्हणालो, "इंग्रजी नाही येत. यादी येते. काकांनी पाठ करून घेतली."

ती हसली नाही. कुरडईचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि खाली निघून गेली. मला वाटलं, संपलं.

खाली पेपर तयार होता. सरांचं टपोरं अक्षर, वर माझं नाव, कोपऱ्यात 'गुण' आणि पुढे रिकामी चौकट. सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "करा सुरू." पहिली सहा मी भराभर लिहिली. सातव्यात 'सजेस्ट' आलं. हे कोणत्या खिशातलं, काही केल्या आठवेना. काकांकडे पाहिलं, तर ते देवाचं नाव घेत होते. घड्याळाचा काटा मला ऐकू यायला लागला. शेवटी 'टू गो' लिहून टाकलं आणि पुढची तीन वाक्यं घामाघूम होऊन पुरी केली.

सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं. आतल्या दाराकडे वळून म्हणाले, "वैशाली, चष्मा आण."

आतून काही आलं नाही.

"वैशाली."

"बाबा, चष्मा सापडून नाही राहिला."

मी मान वर केली, तर चष्मा समोरच होता. दारातून दिसणाऱ्या आतल्या फ्रिजवर, दुधाच्या भांड्याजवळ, दोन्ही काड्या पसरून. सरांना दिसत नव्हता, कारण ते पुन्हा दाराकडे पाठ करून बसले होते. मला वाटलं, आपण चांगला माणूस आहोत हे दाखवायची हीच वेळ. मी तोंड उघडलं. तेवढ्यात दारातून वैशालीनं माझ्याकडे अशी एक नजर टाकली की मी तोंड मिटलं. लग्नाआधी तिचा ऐकलेला हा पहिला हुकूम.

सर म्हणाले, "नाही सापडला तर राहू दे." त्यांनी पेपर हात लांब करून धरला, डोळे बारीक केले आणि खूण करायला सुरुवात केली. एक बरोबर. दुसरं बरोबर. सातव्यापाशी पेन थांबलं. किती वेळ थांबलं ते सांगता येणार नाही, पण काकांनी माझा गुडघा धरला होता आणि नंतर तिथं निळा डाग पडला. मग पेन खाली उतरलं आणि बरोबरची खूण झाली. चौकटीत दहा. सर माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पहिला मुलगा पास झाला." आणि उठून अंगणात गेले.

परतीच्या बसमध्ये यादी काढून पाहिली. 'सजेस्ट' डाव्या खिशातलं निघालं. माझं सातवं उत्तर साफ चुकलेलं होतं.

अकरा वर्षं मी ती भीती घेऊन जगलो. वैशालीनं चष्मा लपवून बापाला फसवलं आणि मला वाचवलं, असंच मी धरून चाललो होतो. तिला विचारलं की ती म्हणायची, "झालं ना लग्न? मग?" पण सर सगळे पेपर फायलीत जपून ठेवतात हे मला माहीत होतं. एखाद्या दुपारी ते फाईल काढतील, नाकावर चष्मा असेल, आणि... पुढे काय करतील ते मला सुचत नसे. मुलगी परत तर नेणार नाहीत. पण त्यांच्या नजरेतून मी उतरेन, हे मला सहन झालं नसतं. म्हणून मी अमरावतीला जायचंच टाळायचो. कामं निघायची. पाण्याची टंचाई तर वऱ्हाडात बाराही महिने हाताशी असते. वैशालीही माझ्यामुळे सणासुदीलाच जायची. सासूबाई लग्नाच्या आधीच गेलेल्या, त्यामुळे सर घरात एकटेच.

काही महिन्यांपूर्वी सरांचा फोन आला. "जुन्या फायली काढून राहिलो रद्दीसाठी. तुमचा पेपर निघाला. रविवारी या."

वैशालीला तिच्या शाळेतल्या कामामुळे यायला जमणार नव्हतं. मी एकटाच गेलो. पोचलो तेव्हा सर न्हाणीत होते आणि फाईल टेबलावर उघडी. चोरासारखा पुढे झालो. वरच माझा पेपर. सातवं 'टू गो', आणि त्यावर लाल, ठसठशीत बरोबरची खूण. तिथं कागदाला भोक पडायच्या बेतात होतं, इतकं पेन दाबलेलं.

खाली पुण्याच्या मुलाचा पेपर होता. सहज वाचला. मग पुन्हा वाचला. दहाच्या दहा उत्तरं बरोबर होती. पाच नंबरवर फुली मारलेली आणि चौकटीत नऊ.

माझा पेपर हातात तसाच धरून मी अंगणात आलो आणि वैशालीला फोन लावला. जे पाहिलं ते सांगितलं.

"आई गेल्यावर पहिलं स्थळ आलं, ते मी नाही म्हटलं," ती म्हणाली. "मावश्या, आत्या, सगळ्या बोलायला लागल्या. पोरगी नाही म्हणते म्हंजे बाहेर काहीतरी भानगड असंन. तीन आठवडे घरात हेच. मग बाबा म्हणाले, नाही म्हणाचं काम आजपासून माझ्याकडं दे. मी पेपर घेतो. मुलगा नको असला तर चष्मा आणून दे. पाहिजे असला तर म्हण, सापडून नाही राहिला."

"आणि लोक त्यांना येडा मास्तर म्हणायचे ते?"

"ते म्हणाले, मले येडा म्हणू दे. तुले कोणी काही म्हणू नये." मग म्हणाली, "सहा वेळा मी चष्मा आणून दिला हो. सातव्यांदा नाही दिला."

मला पहिल्यांदा कळलं की सातव्यापाशी पेन का थांबलं होतं. चुकलेलं उत्तर त्यांना दिसत होतं. ज्या माणसानं जन्मात कोणाला अर्धा मार्क फुकट दिला नाही, तो त्या खुणेनं घरातलं एकमेव माणूस मला देत होता. आणि मी ते माणूस नेऊन अकरा वर्षं या घराकडे फिरकायचं टाळत होतो. मला माझीच लाज वाटली.

आत आलो तर सर खुर्चीत बसलेले. माझ्या हातातला पेपर त्यांनी पाहिला. "आणा इकडं. पाहू द्या एकदा." मी दिला. त्यांनी लाल पेन काढलं, आतल्या दाराकडे वळले आणि सवयीनं हाक मारली, "वैशाली, चष्मा आण."

आत कोणीच नव्हतं. हाक मारल्यावर त्यांनाही ते कळलं. ते नुसते त्या दाराकडे पाहत राहिले.

मी आत गेलो. चष्मा फ्रिजवर होता, त्याच जागी. जरा वेळ तिथं उभा राहिलो आणि रिकाम्या हातानं बाहेर आलो.

"सर, चष्मा सापडून नाही राहिला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा नसताना त्यांचे डोळे फार म्हातारे दिसतात. पेनाला टोपण घातलं.

"तिलेही नव्हता सापडला," ते म्हणाले.

मी खाली त्यांच्या पायांजवळ बसलो. "सर, पुढच्या रविवारी दोघंही येऊ."

"हे टूवालं बोलणं झालं, मंगेशराव. येऊ, पाहू, करू." त्यांनी पेपरची घडी केली आणि डाव्या खिशात ठेवली. "येऊ म्हणू नका. येत राहा."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही अमरावतीला जातो. चष्मा कुठं असतो ते मला पाठ आहे, पण सरांनी हाक मारली की उठते वैशालीच.