साळूबाईंनी न वाचलेला 'खड्डा'

एका जंगलात वाचनाची साथ आली.

साथ म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे, बाळांनो. एकाला शिंक आली की शेजारच्याला येते, मग त्याच्या शेजारच्याला. इथे शिंकेच्या जागी पुस्तक होतं, एवढाच फरक.

रोज उन्हं कलली की सगळे प्राणी पाणवठ्यावर जमत. पाणवठ्यावर कुणी कुणाला खायचं नाही, असा तिथला जुना नियम. पूर्वी तिथे येऊन सगळे पाणी पीत. आता तिथे येऊन सगळे एकमेकांना विचारत, "सध्या काय वाचताय?" या नादात पाणी प्यायचं राहून जाई.

पाणवठ्याशी एक वड होता. ज्यानं त्यानं सागाच्या पानावर आपल्या पुस्तकाचं नाव लिहायचं, खाली शिफारशीचे दोन शब्द लिहायचे आणि ते पान पारंबीला अडकवायचं. ज्यांना पसंत पडेल त्यांनी त्यावर चिखलाचा पंजा उमटवायचा. ज्याच्या पानावर जास्त पंजे, तो मोठा वाचक.

अस्वलानं लिहिलं, 'एका बैठकीत संपवलं.' माकडानं लिहिलं, 'हातातून सोडवेना.' मोरानं लिहिलं, 'अंगावर काटा आला.'

"काटे माझ्या अंगावर आहेत," साळूबाई म्हणाल्या. "याच्या अंगावर कुठून आला?"

साळूबाई म्हणजे साळिंदर. वय झालेलं, दात पिवळे, आवाज खणखणीत. जंगलाच्या वेशीवर माणसांनी एक पाटी लावली होती : 'वन्य प्राण्यांपासून सावध राहा.' त्या पाटीवरून साळूबाई अक्षरं शिकल्या. कुणी शिकवलं नाही. 'व' ओळखायला त्यांना एक अख्खा हिवाळा लागला. सगळं वाक्य लागलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की दोन काटे गळून पडले. पुढे भेळेचे कागद वाचले, गोळ्यांच्या पाकिटावरच्या सूचना वाचल्या. मग विश्रामगृहात येणारी माणसं विसरून जात ती पुस्तकं त्यांनी एकेक करून ओढून आणली आणि मोहाच्या झाडाच्या ढोलीत लावून ठेवली. एकोणीस पुस्तकं. वाळवी फिरकू नये म्हणून रोज कडुनिंबाचा पाला बदलायचा. पुस्तकात खुणेला स्वतःचा काटा घालायचा. त्या ढोलीची राखण हेच साळूबाईंचं सगळं काही होतं.

त्यांचंही पान वडावर असे. त्यावर लिहिलेलं असे, 'मधली चाळीस पानं कंटाळवाणी आहेत, रेटा. पुढे म्हातारी विहिरीवर एकटी जाते. तिथे मी रडले.'

त्या पानावर एकही पंजा नसे. चाळीस पानं रेटायची म्हणजे काय थट्टा आहे?

तर एके दिवशी काय झालं, कोल्हेसर पाणवठ्यावर आले. हे जंगलातले विद्वान. त्यांना 'सर' म्हणत, कारण ते कुठल्याच शाळेत शिकवत नसत. त्यांनी घसा खाकरला.

"सध्या मी 'खड्डा' पुन्हा वाचतोय," ते म्हणाले.

'पुन्हा' म्हटल्याबरोबर सगळे एकमेकांकडे बघू लागले. पुन्हा म्हणजे एकदा वाचून झालेला! आणि आपल्याला नावसुद्धा माहीत नाही!

"अहाहा, 'खड्डा'!" अस्वल म्हणालं. "काय खोली आहे!"

"मी तर पहिल्याच पानाला पडलो त्यात," रानडुक्कर म्हणालं.

"शैली जरा ओबडधोबड आहे," माकड म्हणालं, "पण विषयाला शोभते."

वाघोजीराव जंगलाचे राजे. ते मिशीवरून पंजा फिरवत म्हणाले, "आम्हीही चाळलाय. हे पुस्तक जंगलात आणलं कुणी?"

"ससा," कोल्हेसरांना कबूल करावं लागलं. "मला त्यानं सुचवलं."

"ससा! मग आजपासून त्याला आम्ही खाणार नाही. रसिकाला खाणं बरं दिसत नाही."

पाहता पाहता वडाची पारंबी न् पारंबी 'खड्ड्या'नं भरली. सशाला सगळे 'ससेसाहेब' म्हणू लागले. त्याला भाषणांना बोलावणी येऊ लागली. फक्त साळूबाईंच्या पानावर लिहिलेलं होतं, ''खड्डा' वाचलेला नाही. कुणाकडे असेल तर द्यावा.'

कुणी दिला नाही. ज्याला विचारावं त्याची प्रत दुसऱ्याकडे गेलेली. दुसऱ्याकडे जावं, तर त्यानं ती तिसऱ्याला दिलेली. साळूबाई आठ दिवस चालल्या. नदीपलीकडच्या घोरपडीपर्यंत जाऊन आल्या. घोरपड म्हणाली, "माझी प्रत तुमच्याच जंगलात कुणीतरी नेली हो!"

आता कोल्हेसरांना साळूबाईंच्या त्या ढोलीत राहायला जायचं होतं. कोरडी जागा, वर सावली. ते भर सभेत म्हणाले, "महाराज, ज्या ढोलीत 'खड्डा' नाही, त्या ढोलीत आहेच काय? आणि जिनं 'खड्डा' वाचलेला नाही, तिनं पुस्तकं राखायची? बाहेरच्या जंगलात आपलं हसं होईल."

वाघोजीरावांना पटलं. "साळूबाई, उद्याच्या सभेत तुम्हाला एकच प्रश्न विचारू. 'खड्डा' वाचलात का? नसेल वाचलात, तर ढोली सरांची."

"आणि आतली पुस्तकं?" साळूबाईंनी विचारलं.

"बाहेर काढून ठेवू की," कोल्हेसर गोड हसले. "हवेशीर."

बाहेर वाळवीची वारुळं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साळूबाईंनी सशाचं बीळ गाठलं. पूर्वी त्या बिळाला पाच दारं होती, पळायला. आता चार बुजवून एकाच दाराला तोरण बांधलं होतं.

"बाहेर ये रे," साळूबाई म्हणाल्या. "'खड्डा' कुठाय तुझा?"

"प्रत दिलीय मावशी एकाला..."

"मेल्या, मी घोरपडीपर्यंत जाऊन आलेय. माझ्याशी हे चालणार नाही." साळूबाईंनी काटे फुलवले. भरपूर काटे होते.

सशाचे कान लोंबू लागले.

"मावशी, पुस्तकच नाहीये."

"म्हणजे?"

"माझ्यामागे वाघ लागला होता. आठवा, माणसांनी झाडं लावायला खड्डे खणून ठेवलेत ना माळावर?"

"खणलेत. झाडं लावायला विसरलेत."

"त्यातल्या एकात मी पडलो. वाघ वरून उडी मारून पुढे गेला. मी बाहेर आलो आणि ओरडत सुटलो, 'वाचलो! वाचलो!' समोर कोल्हेसर. त्या दिवशी त्यांच्याकडे सभेत सांगायला पुस्तक नव्हतं. त्यांनी विचारलं, 'काय वाचलंस?' मला दम लागलेला. मी म्हटलं, 'खड्डा!'"

साळूबाईंचे फुललेले काटे खाली बसले.

"म्हणाले, 'कुणाचा?' मी म्हटलं, 'झाडाचा, पण त्यात झाड नव्हतं.' म्हणाले, 'अस्सं, प्रतीकात्मक! खोल आहे?' म्हटलं, 'खोल होता म्हणून तर!' म्हणाले, 'एका दमात?' म्हटलं, 'अगदी एका दमात.' आणि गेले ते."

बाळांनो, 'वाचणं' हा आपल्याकडचा एक शब्द दोन ठिकाणी कामाला जातो. एकीकडे पुस्तकं वाचतो, दुसरीकडे जीव वाचतो. कोल्हेसरांनी त्याला नको त्या ठिकाणी गाठला.

साळूबाई हसल्या नाहीत. "आज सभेत खरं सांग. नाहीतर मी सांगते."

"सांगा," ससा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग राजे मला खातील. पाणवठ्यावर नाही खाणार, नियम आहे. वाटेत खातील."

साळूबाई उठल्या आणि परत निघाल्या. वाटभर त्यांचे काटे खडखडत होते. न वाचलेलं पुस्तक वाचलं म्हणायचं? या तोंडानं? खोटंच बोलायचं असतं तर तो 'व' कशाला शिकले असते, एक अख्खा हिवाळा घालवून? आणि खरं बोलावं तर तो लांबकान्या जातो वाघाच्या पोटात. मूर्ख आहे, पण मूर्खपणाची शिक्षा एवढी नसते. असती तर जंगलात उरलं कोण असतं?

संध्याकाळी सभा खच्चून भरली. कोल्हेसर आपलं अंथरूण सोबत घेऊनच आले होते.

"साळूबाई," वाघोजीराव म्हणाले, "'खड्डा' वाचलात का?"

साळूबाईंनी एकवार सशाकडे पाहिलं. तो पहिल्या रांगेत, मानाच्या दगडावर बसला होता आणि पळायची वाट शोधत होता.

"वाचला," साळूबाई म्हणाल्या.

कोल्हेसरांचं अंथरूण हातातून निसटलं.

"पण शेवट मला आवडला नाही."

पाण्यातला बेडूकसुद्धा डोकं वर काढून बघू लागला. 'आवडला नाही' हे शब्द त्या पाणवठ्यावर पहिल्यांदाच ऐकू आले होते.

"आवडला नाही?" मोर किंचाळला. "'खड्डा'?"

"नाही आवडला. अगदी भोंगळ शेवट. सर, तुम्ही तर दोनदा वाचलाय. तुम्हाला कसा वाटला तो शेवट? सांगा की सगळ्यांना, काय होतं ते."

कोल्हेसरांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. "माझं दुसरं वाचन अजून शेवटाशी आलेलं नाही."

"आणि पहिलं?"

"त्याला फार दिवस झाले."

"बरं, अस्वलदादा, तुम्ही सांगा. तुम्ही एका बैठकीत संपवता."

"नको नको!" अस्वल घाईघाईनं म्हणालं. "शेवट फोडू नका. माझी चार पानं राहिलीत."

"माझी सहा राहिलीत!" रानडुक्कर ओरडलं.

"माझंही शेवटचंच प्रकरण राहिलंय, कुणी सांगितलं तर याद राखा!" माकडानं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"मग महाराज, तुम्हीच..."

"खबरदार!" वाघोजीरावांनी डरकाळी फोडली. "आमची दोन पानं राहिलीत. आमची मजा घालवायची नाही."

मग त्यांनी सभोवार पाहिलं. राजा असला म्हणून काय झालं, हिशेब त्यांनाही कळतो. एवढ्या सभेत, ससेसाहेब सोडले तर, 'खड्डा' शेवटपर्यंत नेलेली एकच व्यक्ती निघाली होती.

"ढोली साळूबाईंकडेच राहील," ते म्हणाले. "सर, अंथरूण उचला."

सभा पांगली. ससा धावत साळूबाईंच्या मागे आला.

"मावशी! तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात!"

"खोटं? मी?" साळूबाई गर्रकन वळल्या. "ते म्हणाले वाचलात का, मी म्हणाले वाचला. कोण वाचला ते पुढे कुणी विचारलंच नाही. हा काय समोर उभा आहेस धडधाकट."

ससा घटकाभर डोकं खाजवत राहिला. मग हळूहळू त्याचे कान उभे राहिले. "आणि शेवट?"

"नाहीच आवडला. खड्ड्यातून जिवंत बाहेर आलास आणि भेटलास कुणाला? कोल्ह्याला! हा काय शेवट झाला?"

ढोलीशी आल्यावर साळूबाईंनी त्यातल्या त्यात पातळ पुस्तक काढून सशापुढे धरलं. "आता मोकळा आहेस, तर हे घेऊन जा. हे खरोखर आहे. हात लावून बघ."

सशानं हात लावून बघितला. "घेतलं असतं हो मावशी. पण उद्या माझं पलीकडच्या जंगलात व्याख्यान आहे. तुम्ही काढलेल्या मुद्द्यावरच."

"कुठल्या मुद्द्यावर?"

"'खड्ड्या'चा शेवट कुठे फसला?"

आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी वडावरच्या एकूण एक पानावर लिहिलेलं होतं, 'शेवट पटला नाही.' पंजे उमटवायला जागा पुरेना म्हणे. साळूबाई ते बघायला गेल्या नाहीत. त्यांनी ढोलीतला पाला बदलला, पातळ पुस्तक जागेवर ठेवलं आणि आपलं जाड पुस्तक काट्याच्या खुणेपाशी उघडलं.

तात्पर्य : दुसऱ्याला पुस्तक सुचवण्यासाठी ते आपण वाचलेलं असावं लागत नाही. ते कुणी लिहिलेलं असावं लागतं, असंही नाही. फक्त चार पानं शिल्लक ठेवावीत, आणि कुणी फारच खोदून विचारलं तर शेवट आवडला नाही म्हणावं. खरोखर वाचायची खोड ज्यांना असेल त्यांनी ती घरी, दार लावून पुरवावी. चारचौघांत त्यानं गप्पांचा विचका होतो.