पाकिटातली पावडर

"दहा मिनिटांत दाखला घेऊन येते की नाही, बघाच तुम्ही!" असं म्हणून ठमीच्या आईने सात महिन्यांच्या ठमीला काखोटीला मारलं आणि बाळाची फुगलेली पिशवी खांद्याला अडकवली.

ठमीचे बाबा बुटाची नाडी बांधता बांधता थबकले. "म्हणजे? आज पाकीट देणार तू?"

"मग काय करू? चार खेपा झाल्या! एकदा साहेब नाहीत, एकदा शिक्का नाही, एकदा शाई नाही. परवा साहेब, शिक्का, शाई तिन्ही होते, तर म्हणे कॉम्प्युटर आजारी! सोमवारी मला कामावर हजर व्हायचंय. आज पाचच्या आत जन्मदाखला गेला नाही, तर पाळणाघरातली जागा दुसऱ्याला. मग हिला काय टेबलाच्या खणात ठेवू?"

"अगं, पण मागच्याच महिन्यात दोन नंबरच्या खिडकीवाल्याला पकडलं! नोटांना कसलीशी पांढरी पूड लावलेली. त्याने नोटा घेतल्या, पोलिसांनी त्याचे हात पाण्यात बुडवले, आणि पाणी गुलाबी! शिवाय देणाराही गुन्हेगारच असतो, बरं का!"

"तुम्ही बूट घाला."

वन्संनी फोनवर सगळं पढवून ठेवलं होतं. "पाकीट फॉर्ममध्ये, फॉर्म फायलीत, आणि चेहरा दगडाचा! वहिनी, घाबरलात की मेलात!"

ठमीची आई घाबरली नाही. फक्त तिच्या छातीत अशी काही धडधड चालली होती, की काखेतली ठमी त्या तालावर हलत होती! नगरपालिकेच्या कार्यालयात दोन नंबरच्या खिडकीला पुठ्ठा ठोकला होता. चार नंबरच्या खिडकीत कारकून होते. दारात शिपाई उभा होता, आणि तो आपल्याकडेच बघतोय याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

तिने पिशवीतून फाईल काढली आणि आत सरकवली. कारकुनांनी वर न बघता ती टेबलाखाली ओढली. बोटांना पाकीट लागलं मात्र, चेहरा लोण्यासारखा मऊ झाला. त्यांनी सवयीने फुंकर मारून पाकिटाचं तोंड उघडलं.

फुस्स!

पांढरा ढग उठला. मिशा पांढऱ्या, बोटं पांढरी, काळी पँट तर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी! कारकून जागच्या जागी थिजले.

"अगं बाई, पावडर!" ठमीची आई ओरडली.

"प... पावडर?"

"सांडली वाटतं! थांबा, हात धुऊन घ्या. पाणी आहे माझ्याकडे!" तिने पिशवीतून ठमीची बाटली काढली.

कारकुनांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले. "पाणी नको! मी पाण्याला शिवणार नाही! पाणी लांब ठेवा!"

त्या आरड्याने दारातला शिपाई वळला. झालं! ठमीच्या आईने ठमीला घट्ट धरलं. आता नेतील आपल्याला. नेऊ देत, पण हिचं काय? अंधार पडला की हिला दुसरं कुणी चालत नाही. बाबांनी घेतलं तरी दाराकडे मान वळवून शोधत राहते पोर!

"मी तुम्हाला काही दिलंच नाही!" ती कापऱ्या आवाजात म्हणाली.

"आणि मी काही घेतलंच नाही!" कारकून त्याहून कापऱ्या आवाजात म्हणाले.

त्या कार्यालयाचं आणि जनतेचं एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याची ती पहिलीच वेळ असावी.

कारकुनांनी फूटपट्टीने पाकीट खिडकीबाहेर ढकललं. "हे तुमचं! या पाकिटाला मी ओळखतसुद्धा नाही! ताई, दाखलाच हवाय ना? बसा. अरे, ताईंना खुर्ची द्या!"

खुर्ची आली. पंखा लागला. कॉम्प्युटर खडखडीत बरा झाला! कारकुनांनी फॉर्मला बोट म्हणून लावलं नाही. फूटपट्टीच्या टोकाने तो उलगडून, हातभर लांबून, घामाचे थेंब टिपत टिपत एकेक रकाना वाचला. चार खेपांत न दिसलेले साहेब स्वतः पेन घेऊन धावत आले. ठमीने त्यांचा चष्मा ओढला.

"ओढू दे, ओढू दे," साहेब म्हणाले. "जनतेचाच आहे."

सात मिनिटांत दाखला हातात! पायऱ्या उतरेपर्यंत ठमीच्या आईला काही उमगलं नाही. खाली येऊन तिने पिशवी उघडली, तर ठमीच्या पावडरच्या डब्याचं झाकण निघालेलं. लंगोट पांढरे, झबली पांढरी, खुळखुळा पांढरा. आणि सगळ्याला तो गोड, ओळखीचा वास! त्या कारकुनांनी आयुष्यात एकदा तरी न्हालेलं बाळ उचललं असतं, तर असे घाबरले नसते. ती भर रस्त्यात इतकी हसली, की ठमीही हसायला लागली.

पाळणाघरात ती पोचली तेव्हा पाचला दहा कमी होते. पाळणाघराच्या बाईंनी दाखला एकदा वाचला. चष्मा पुसून परत वाचला. मग ठमीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"यात बाळ कोण?"

"म्हणजे काय? ही काय!"

"इथे तसं नाही लिहिलेलं. बाळाच्या नावापुढे तुमचं नाव आहे, आणि आईच्या नावापुढे हिचं. म्हणजे सात महिन्यांपूर्वी तुमचा जन्म झालाय. वजन तीन किलो." बाईंनी कागद उजेडात धरला. "शिक्का मात्र झकास उठलाय हो!"

ठमीची आई तिथल्या वीतभर खुर्चीवर मटकन बसली. तिचे डोळे भरून आले. "बाई, आता त्या खिडकीवर मला कोण उभं करील? मला बघून पळतील सगळे!"

"अहो, रडता काय? जागा धरून ठेवते मी सोमवारपर्यंत. उद्या सकाळी दुरुस्त करून आणा." बाईंनी ठमीला हात पसरले, आणि ठमी चक्क गेली. "नाहीतर कागदाप्रमाणे मला तुम्हालाच ठेवून घ्यावं लागेल! नऊ ते पाच. दोनदा भरवणार, आणि दुपारी दोन तास सक्तीची झोप!"

बाई स्वतःच्याच विनोदावर खुदखुदून हसल्या. ठमीच्या आईने डोळे पुसले, भिंतीलगत ओळीने अंथरलेल्या त्या छोट्या छोट्या गाद्यांकडे नीट निरखून पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"दोनच तास?"